कुजलेलं लाकूड हवं आहे

टॉमकिन्स : तिथे नाही, खाली टोचा. खिडकीच्या पाटापाशी. तिथे नक्की कुजलं असणार.

पेन्रोज : टोचलं. आरी वाकली.

टॉमकिन्स : मग जरा जोर लावा ना.

पेन्रोज : टॉमकिन्ससाहेब, आठ वर्षांपूर्वी ही खिडकी मीच तासून, सांधून, तावदानं वरखाली सरकवणाऱ्या वजनांना नव्या दोऱ्या ओवून उभी केली. आता ती कुजली म्हणून मीच लिहून देऊ?

टॉमकिन्स : भावनेत शिरू नका. कौन्सिलच्या बाई म्हणतात, घर दोनशे वर्षांचं आहे, लाकूड गेल्याचं सुताराचं पत्र असेल तरच प्लॅस्टिकची खिडकी बसवा. तुम्ही सुतार आहात. पत्र द्या.

पेन्रोज : पण बसवायचीच कशाला?

टॉमकिन्स : आणलीय म्हणून. गॅरेजात उभी आहे. गाडी बाहेर भिजतेय.

पेन्रोज : परवानगीच्या आधीच आणलीत?

टॉमकिन्स : सवलत शुक्रवारपर्यंतच होती. दर आठवड्याला शुक्रवारपर्यंतच असते, हे मागाहून कळलं.

पेन्रोज : परत करा.

टॉमकिन्स : आणि बायको? तीन आठवडे झाले, म्युरिएल एक्सेटरला बहिणीकडे जाऊन बसलीय. म्हणाली, झोपायच्या खोलीतला वारा थांबला की कळव. तीन हिवाळे लोकरीची टोपी घालून झोपली बिचारी.

पेन्रोज : तीनच? त्याआधीचे पाच?

टॉमकिन्स : तेव्हा तक्रार नव्हती. लाकूड आटत गेलं असेल.

पेन्रोज : ह्याला आटायचं होतं तेवढं तुमच्या खापरपणजोबांच्या वेळीच आटून झालंय. सावकाश वाढलेल्या झाडाचं आहे. ह्या बाथ शहराचा पाऊस पिऊन बसलंय ते. तीन वर्षांपूर्वी काय केलंत?

टॉमकिन्स : काही नाही. रंग दिला. स्वतः. दोन हात.

पेन्रोज : खालचं तावदान वर सरकतं?

टॉमकिन्स : रंगानंतर नाही. मजबुती आली.

पेन्रोज : दोन तावदानांमधली कडी कुठाय?

टॉमकिन्स : जुळेना, काढून टाकली. लाकूड वाकलंय, मघापासून सांगतोय काय मी?

पेन्रोज : शिडी द्या. पडद्याची दांडी झाकणारी ही वरची फळी उतरवतो.

(फळी उतरते.)

पेन्रोज : इथे बोट घाला.

टॉमकिन्स : गार आहे.

पेन्रोज : असणारच. रस्त्यावर आहे तुमचं बोट. वरचं तावदान दोन बोटं खाली आलंय. रंगवताना उतरवलं होतंत?

टॉमकिन्स : वरची कड रंगवायची तर उतरवावंच लागतं. मला कळतं त्यातलं.

पेन्रोज : मग परत वर ढकलायचं असतं.

टॉमकिन्स : चहाची वेळ झाली असणार.

पेन्रोज : तेवढ्यात रंग सुकला, वरून फळीनं झाकलं गेलं. तीन हिवाळे खिडकी उघडी टाकून झोपलात तुम्ही.

टॉमकिन्स : मला कधी वारा लागला नाही.

पेन्रोज : कुठल्या बाजूला झोपता?

टॉमकिन्स : भिंतीच्या.

पेन्रोज : हं. रंगात सुरी फिरवलीय, आता ढकला. एका हातानं.

टॉमकिन्स : गेलं की.

पेन्रोज : जाणारच. आतली वजनं तीन वर्षं त्यासाठीच लोंबकळतायत.

टॉमकिन्स : पेन्रोज, एवढं करा. लाकूड थोडं कुजलं होतं, तुम्ही नीट केलंत, असं दोन ओळींत लिहा. कौन्सिलला नको. म्युरिएलला दाखवायला.

पेन्रोज : लाकडावर आळ घेणार नाही मी.

टॉमकिन्स : अहो, दोन वर्षं मी तिला सांगत होतो की वारा तुझ्या डोक्यात आहे. तिसऱ्या वर्षी लाकडावर आलो. आता काय उरलं सांगायला?

पेन्रोज : फोन तुमच्या हाताशी आहे. मी खाली हत्यारं आवरतो.

टॉमकिन्स : ...म्युरिएल? मी बोलतोय. वारा थांबला. नाही, नवी नाही बसवली, जुनीच आहे. बंद केली. हो, उघडी होती. तीन वर्षं. नाही गं, लाकूड उत्तम आहे.