तीन पूर्णांक एक दशांश गुण

तीन पूर्णांक एक दशांश. मंडळी, एवढाच आकडा! संगणकाच्या पडद्यावर, एका लांबलचक ओळीच्या शेवटी. आणि त्यापुढे एकच शब्द — ‘पुसले’.

आता मला सांगा, चोराच्या भीतीने दार लावलं आणि मदत मागणारा बाहेरच राहिला, तर दोष कुणाचा? दाराचा? ऐका तर!

कुडाळच्या एमआयडीसीत सामंतसाहेबांचा कारखाना. नवजात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या बनवतात. तिथला मेल सर्व्हर सांभाळते मृणालिनी परुळेकर. दोन वर्षांपूर्वी साहेब कडाडले, “लॉटरी लागल्याचे मेल रोज येतात! एकही दिसता कामा नये!”

स्पॅम फिल्टर म्हणजे दारावरचा मास्तर! प्रत्येक मेलला गुण देतो. पण उलटे बरं का — जास्त गुण, तो नापास! आमच्या शाळेत असं असतं, तर मागच्या बाकावरचे सगळे पहिले आले असते! मर्यादा होती पाचाची. मृणालिनीने ती तीनवर आणली. शिवाय संशयित मेल बाजूला ठेवायचे सोडून थेट पुसायचे! दर सोमवारी मीटिंगमध्ये साहेब विचारायचे, “रद्दी किती?” “शून्य, साहेब.” टाळ्या!

अहो, दिसलं नाही ती सगळी रद्दीच होती? मृणालिनीला शंका होती. दर महिन्याला ठरवायची — आज सांगते. टाळ्या ऐकून गप्प बसायची.

अशाच एका सोमवारी सकाळी फोन आला. तालुक्याच्या दवाखान्यातल्या सिस्टर लोबो.

“गुरुवारी मेल केला हो. उत्तर नाही!”

“पुन्हा पाठवता का, सिस्टर?”

“तीनदा पाठवला! पेटी छत्तीस अंश दाखवते, आत हात घातला तर चटका बसतो! बाळाला काढून आईच्या छातीशी ठेवलंय. पण बाकीच्या गावांतल्या पेट्यांचं काय?”

मृणालिनीने नोंदी उघडल्या. तिन्ही मेल आले होते! विषयात ‘तातडीचे!!!’, त्यात दवाखान्याचा सर्व्हर जुना, नोंदणी अर्धवट. मास्तरांनी प्रत्येकाला मोजून तीन पूर्णांक एक दशांश गुण दिले. पुसले, पुसले, पुसले. पाठवणाऱ्याला कळवलंसुद्धा नाही! खाली आणखी दोन दवाखान्यांची नावं. त्यांनी काय लिहिलं होतं? पुसलेलं कुठून वाचणार?

मीटिंग भरली. टाळ्यांसाठी हात तयार! “मृणाल, रद्दी किती गो?”

थांबा! आधी स्वतःला विचारा. घरात सून काही सांगायला येते, मुलगा काही सांगायला येतो, पहिल्या शब्दालाच आपण म्हणतो, “पुरे!” मग चारचौघांत सांगतो, आमच्या घरी कटकट नाही! कुणाकुणाचं न ऐकताच पुसलं आपण? आठवा. आणि मग ऐका, ती काय बोलली.

मृणालिनी उठली.

“साहेब, ते शून्य खोटं आहे. आजपासून एकही मेल न बघता पुसायचा नाही. आणि पेटी घेतलेल्या प्रत्येक दवाखान्याला मी आत्ता फोन लावतेय — पेटी बंद करा म्हणून.”