आहेर अण्णा आणि मिटणारं कृमिविवर

शांताकाकू, आहेर कुटुंबीय, एकलहऱ्याच्या वसाहतीतून आलेले सगळे जण,

मी प्रतिभा देवरे. नाशिकरोडला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. आज या शोकसभेला यायला घरून दोनदा निघाले आणि दोनदा परत फिरले. पण बोलल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

अण्णा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मीटर दुरुस्त करायचे, हे तुम्हाला ठाऊक आहे. निवृत्तीनंतर ते माझ्याकडून पुस्तकं न्यायला लागले. न्यायचे, वाचायचे, भांडायला यायचे. मग शाळाशाळांत जाऊन बोलायला लागले. आवडता विषय एकच. कृमिविवर, म्हणजे वर्महोल. अवकाशातली दोन दूरची ठिकाणं जोडणारा बोगदा. तो गणितात निघतो, प्रत्यक्षात अजून कुणी पाहिलेला नाही.

तीन वर्षांपूर्वी देवळ्याच्या शाळेत मी त्यांच्यासोबत गेले होते. अण्णा मुलांना म्हणाले, "हा बोगदा एकदा तयार झाला, की उघडाच राहतो. या तोंडातून शिरा, त्या तोंडातून निघा."

हे चूक होतं. मला माहीत होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

परतताना एसटीत त्यांनी विचारलं, "मॅडम, काही चुकलं का माझं?"

मी म्हणाले, "छान झालं, अण्णा."

का म्हणाले मी असं? स्वतःच्या बळावर शिकलेला माणूस, त्याचा हिरमोड कशाला करायचा, असं वाटलं. तेच भाषण त्यांनी पुढे कितीतरी शाळांत केलं. आणि मी गप्प राहिले.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी ते माझ्या दारात आले. घामाने निथळत होते. हातात माझंच पुस्तक. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"मॅडम, हा बोगदा उघडतो आणि लगेच मिटतो. इतका लगेच, की प्रकाशही पार होत नाही. तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग मला का बोलू दिलंत?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

ते उभेच होते. हळू आवाजात म्हणाले, "मीटर चुकीचं दाखवत असलं, तर त्याला वाईट वाटेल म्हणून कुणी गप्प बसतं का?"

मला वाटलं, आता ते भाषणं सोडतील. त्यांनी शाळांची यादी केली. एकेका शाळेत परत जायचं आणि चूक सांगायची. शांताकाकू म्हणत होत्या, "अहो, ऊन केवढं आहे, जूनमध्ये जा." जूनमध्ये शाळा उघडल्या आणि अण्णा निघाले.

देवळ्याला मीही गेले. अण्णांनी नीट समजावलं. बोगदा उघडा ठेवायचा तर त्याच्या भिंती बाहेर रेटणारं काहीतरी लागतं. त्याला ऋण ऊर्जा म्हणतात. दोन धातूच्या पट्ट्या अगदी जवळ आणल्या, तर तिचा जरासा माग लागतो. पण माणूस जाईल एवढा बोगदा धरून ठेवायला ती पुरेशी कुठून आणायची, कुणालाच माहीत नाही. बोगदा तयार कसा होईल, तेही नाही. कदाचित अतिसूक्ष्म पातळीवर असे बोगदे क्षणात होत असतील, मोडत असतील. कदाचित. हा शब्द त्यांनी फळ्यावर लिहिला.

एका मुलीने विचारलं, "मंग मागच्या वेळी खोटं सांगितलं व्हतं का?"

अण्णा म्हणाले, "तवा खोटं नव्हतं, बाई. चुकलं व्हतं. आज सांगायला आलो नसतो, तर खोटं झालं असतं."

मी मागच्या बाकावर बसले होते. मान वर करवली नाही.

यादीतली एकच शाळा राहिली. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरची. तिथे जायचं ठरलं होतं, त्याच्या आदल्या सकाळी अण्णा गेले.

काकू, मी मुख्याध्यापकांना फोन केला आहे. सोमवारी मी जाते. अण्णांची चूक सांगेन. आणि मला ती आधीपासून माहीत होती, हेही सांगेन.

आता उठून उभे राहू या. दोन मिनिटं आपण अण्णांसाठी गप्प राहणार आहोत. गप्प राहा, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण आजची ही शांतता तरी खरी असू दे.

अण्णा, नमस्कार.