डावा हात

(बोस्निया. लढाई संपून एकोणीस वर्षं झालेली. सामूहिक खड्ड्यांतून निघालेली हाडं जिथे ओळखतात, त्या केंद्राची मागची खोली. टेबलावर पांढरी चादर आणि चादरीवर हाडाला हाड लावून मांडलेला एक माणूस. टेबलाशी डॉक्टर यासेन्का, म्हातारी झुम्रा आणि झुम्राची विधवा सून अल्मासा, जी पत्र मिळाल्या मिळाल्या ऑस्ट्रियाहून आलेली.)

झुम्रा : चुकलंय तुमचं. झाका ते.

डॉक्टर : मावशी, तुमचं रक्त या हाडांशी दोनदा ताडून पाहिलं. हा तुमचाच मुलगा आहे.

झुम्रा : माझा एक मुलगा सापडला. रेफिक. अकरा वर्षांपूर्वी तुम्हीच हाती दिलात आणि आम्ही पुरला. माझा निहाद मेलेला नाही. सांगून सांगून तोंड दुखलं माझं.

डॉक्टर : हा निहाद आहे असं मी म्हटलंच नाही.

अल्मासा : म्हणजे काय? माझा नवरा पुरलेला, दीर बेपत्ता. आईंना तिसरा मुलगा नव्हता.

डॉक्टर : अल्मासाबाई, उजवा हात बघा. मधलं बोट. खाणाखुणा विचारायला कोणीतरी हवं होतं. तीन वर्षं सासूबाईंना बोलावतेय, त्या येत नाहीत. म्हणून तुम्हाला लिहिलं.

अल्मासा : बोट अर्धंच आहे.

डॉक्टर : मातीत हरवलं असतं तर सांध्यापाशी संपलं असतं. हे मध्येच तुटलंय आणि टोक भरून गुळगुळीत झालंय. जिवंतपणी तुटलेलं आहे.

अल्मासा : लाकडाच्या गिरणीत तुटलं. लग्नाला दोन महिने झाले होते. सहा आठवडे मी पट्टी बदलत होते, आणि तो प्रत्येक वेळी दुखायच्या आधीच ओरडायचा, म्हणजे मी हलक्या हातानं करीन. हा रेफिक आहे.

झुम्रा : गिरणीत काय एकट्या त्याचंच बोट गेलं?

अल्मासा : बाकी सगळे काय तुमचे मुलगे होते?

डॉक्टर : थांबा. आता माझं ऐका, कारण अकरा वर्षांपूर्वीच्या कागदावर सही माझी होती. मारणाऱ्यांनी नंतर पुरावा लपवायला यंत्र आणून खड्डा उकरला आणि माणसं ट्रकनं दुसरीकडे नेऊन टाकली. त्यामुळे तेव्हा आमच्या हाती आला एक डावा हात, चार बरगड्या आणि मांडीचं हाड. रक्त म्हणालं, हा झुम्राचा मुलगा. दोघा भावांतला कुठला, ते रक्त सांगत नाही. रेफिकला मूल असतं तर कळलं असतं.

अल्मासा : मूल असतं तर पुष्कळ काही झालं असतं.

डॉक्टर : त्या डाव्या हाताचं हाड लहानपणी मोडून सांधलेलं होतं. मी आईला विचारलं, हात कोणाचा मोडला होता? आई म्हणाली, थोरल्याचा, रेफिकचा. मी लिहून घेतलं. हाडाला मी दहा वेळा उलटसुलट विचारते. आईला कोण उलटून विचारतं? आणि आता बघा, या माणसाचा डावा हात. कुठेही मोडलेला नाही.

अल्मासा : रेफिकचा हात कधीच मोडला नव्हता. मोडला होता निहादचा. तुतीवरून पडला होता. ती गोष्ट माझ्या लग्नात तुम्हीच सगळ्यांना हसत सांगत होतात, आई.

झुम्रा : मला आठवत नाही.

अल्मासा : खोटं बोलू नका. निदान याच्यासमोर नको.

झुम्रा : बरं, आठवतं. त्या दिवशीही आठवत होतं. झालं समाधान?

अल्मासा : अकरा वर्षं. दर उन्हाळ्यात पंधरा तास बसमध्ये बसून येते. त्या कबरीच्या दगडाशी फातिहा म्हणते, गुलाब लावते, नवऱ्याशी बोलते, नवरा-बायको बोलतात तसं बोलते. आणि खाली माझा दीर. लाज वाटते मला, कळतंय का तुम्हाला?

झुम्रा : निहाद ऐकून हसला असेल.

अल्मासा : हसण्यावारी नेऊ नका. रेफिक 'सापडला' म्हणून त्याला कोणी शोधलं नाही. तीन वर्षं तो इथे फळीवर पडून आहे. तुम्हाला ठाऊक होतं की दुसरा आहे तो रेफिकच असणार. म्हणूनच आला नाहीत.

झुम्रा : हो, म्हणूनच. रेफिकच्या मागे रडायला तू होतीस. निहादला माझ्याशिवाय कोण? वीस वर्षांचं पोर. मी त्याला मेलेला म्हटलं नाही, तर जगात दुसरं कोणीच म्हणणार नव्हतं. एक नाव मला द्यायचंच होतं. ज्याचं दुःख वाटून घेता येईल, त्याचं दिलं.

अल्मासा : वाटून घेतलं नाहीत. सगळं माझ्या पदरात टाकलंत, आणि स्वतः निहादसाठी दाराच्या चौकटीवर किल्ली ठेवत बसलात.

झुम्रा : तो स्वतःची किल्ली नेहमी हरवायचा.

अल्मासा : माहीत आहे मला.

डॉक्टर : मावशी, मला तुमचा राग येतोय आणि तो मी लपवणार नाही. पण कागद दोन लागतील. एक हा रेफिक असल्याचा. तो अल्मासाबाई देतील. दुसरा, पुरलेला तो निहाद असल्याचा. तो फक्त तुम्ही देऊ शकता. त्याशिवाय मला दगडावरचं नाव बदलता येत नाही, आणि याला पुरताही येत नाही.

झुम्रा : आणि नाही दिला तर?

अल्मासा : तर मी इथेच बसते. ऑस्ट्रियात माझी वाट बघणारं कोणी नाही.

झुम्रा : कुठे करायची सही?

डॉक्टर : इथे. त्याआधी खूण लिहावी लागेल. हात कोणाचा मोडला, कसा, केव्हा.

झुम्रा : लिहा. निहादचा. सात वर्षांचा होता. तुतीवरून पडला. डावा हात. दवाखान्यात नेईपर्यंत एकदाही रडला नाही, कारण मी रडत होते.

डॉक्टर : लिहिलं.

झुम्रा : आता घरी जाऊन ती किल्ली काढते. कोणासाठी ठेवायची?

अल्मासा : मी अजून रागात आहे, आई. खूप दिवस राहीन.

झुम्रा : राहा.

अल्मासा : पण किल्ली असू द्या तिथेच. मला इथलं काम आटपायला उशीर होईल, आणि उतरायला मला दुसरं घर नाही.