छत्तीस वर्षांची दुधाची पिशवी

...आणि मला सांगा, प्लास्टिकवर बोलायला बोलावलेला माणूस प्लास्टिक घेऊन नाही येणार, तर काय पितळी तांबे घेऊन येणार? पण नाही. शाळेच्या फाटकावर तो सिक्युरिटीचा कल्लाप्पा माझी थैली अशी दोन बोटांत धरून उभा, मेलेला उंदीर धरतात तशी, आणि म्हणतो, "सर, प्लास्टिक इल्ला. प्लास्टिक-फ्री शाळा." मी म्हटलं, अण्णा, स्वल्प ऐकून तरी घे, माझं भाषणच प्लास्टिकवर आहे रे. तर म्हणतो, "सरी सर, भाषण माडि. प्लास्टिक इल्ले इडि." म्हणजे भाषण खुशाल करा, प्लास्टिक इथंच ठेवा. चौदा नमुने होते हो थैलीत. पाइपचा तुकडा, नायलॉनची दोरी, चष्म्याची प्लास्टिकची काच, बटणं, टूथब्रश... दोन रात्री बसून चिठ्ठ्या लावल्या होत्या. सगळं त्याच्या टेबलाखाली गेलं आणि माझ्या गळ्यात पाहुण्याचं कार्ड आलं. कशाचं? प्लास्टिकचं. आता बोला. पण जाऊ दे, चूक माझीच.

तुम्ही रोज सकाळी या बागेत माझं मुकाट ऐकून घेता म्हणून तुम्हाला सांगतो. चौतीस वर्षं मी सरकारी कारखान्यात काढली. काम काय? दुधाची पिशवी. हसू नका. त्या वेळी या इंदिरानगरात दूध काचेच्या बाटलीतून यायचं. रोज कुणाच्या तरी दारात फुटलेली बाटली आणि कुणाच्या तरी पायात काच. मग पिशव्या आल्या, तर त्या गळायच्या. दूध घेऊन येताना पिशवीखाली पातेलं धरून यायचे लोक, आठवतंय का? तर ते गळणं थांबवायला आम्हाला चार वर्षं लागली. चार! आणि एकोणनव्वद साली एक दिवस पिशवी गळली नाही. आमच्या साहेबांनी ती माझ्या डोक्याच्या उंचीवरून खाली टाकली, पिशवी फुटली नाही, तेव्हा अख्ख्या खात्यानं टाळ्या वाजवल्या. ती पहिली पिशवी मी घरी नेली. दूध प्यायलो आणि पिशवी धुऊन कपाटात ठेवली, माझ्या डिग्रीच्या फायलीत.

आता हे सगळं घरी कुणाला माहीत? मुलगा बेळ्ळंदूरला ऑफिसात, त्याला घरी यायलाच आठ वाजतात. नात मुग्धा सातवीत. तिच्या लेखी आजोबा म्हणजे बसस्टॉपवर उभा राहणारा आणि टीव्हीचा आवाज मोठा ठेवणारा माणूस. म्हणून तिच्या सायन्सच्या मिसनी 'रोजच्या जीवनातले पॉलिमर' यावर बोलायला या म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं. मला दुसरं काही नको होतं हो. आपल्या आजोबांनी आयुष्यभर काय केलं ते या पोरीला एकदा कळावं, एवढंच. आणि शाळेत कुणाला तरी तिनं ते अभिमानानं सांगावं. हाव धरली मी. चूक माझीच.

तर वर्गात शिरलो. नमुने नाहीत, काही नाही. भिंतीवर मुलांनी रंगवलेलं एक चित्र, त्यात एक हिरवा राक्षस, लांब दात, आणि त्याच्या तोंडातून प्लास्टिकच्या पिशव्या बाहेर पडतायत. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण मुग्धा उठून उभी राहिली आणि म्हणाली, "फ्रेंड्स, हे माझे आजोबा, सायंटिस्ट आहेत." सायंटिस्ट! घरी मला साधा रिमोट देत नाही ती. माझी छाती अशी फुगली की भिंतीवरचा राक्षस मला दिसेनासा झाला.

म्हटलं, नमुने नाहीत ना, मग तुम्हीच नमुने. सगळ्यांना ओळीत उभं केलं. एकेक मूल म्हणजे एकेक रेणू, सुटा, हवेत भटकणारा. आता हात धरा. रणवीर म्हणून एक उंच मुलगा, त्याचा हात देवश्री म्हणून मुलगी धरेना. "सर, ही हॅज नोज-पिकिंग हँड्स." म्हणजे हा नाकात बोटं घालतो. मग तिनं मध्ये रुमाल घेतला. मी म्हटलं, चालेल, मध्ये दुसराच रेणू आला तर त्यालाही आमच्यात नाव आहे, कोपॉलिमर. मुलं खिदळली. मिससुद्धा हसल्या. मुग्धा पळत आली आणि साखळीच्या टोकाला उभी राहून तिनं माझा हात धरला. घट्ट. सहावी-सातवीतली मुलं चारचौघांत आजोबांचा हात धरत नाहीत हो, तुम्हाला माहीतच आहे. मी म्हटलं, ओढा आता, दोन्हीकडून ओढा, बघा तुटते का. नाही तुटली. म्हटलं, हेच पॉलिमर. ही साखळी अशी जोडलेली असते की सहजासहजी तुटत नाही.

इथं थांबलो असतो तर आज तुमच्यासमोर पेढे वाटत असतो.

पण माझ्या शर्टाच्या खिशात ती कपाटातली पहिली पिशवी होती ना! कल्लाप्पानं थैली घेतली, खिसा तपासला नव्हता. एक हात मुग्धाच्या हातात, दुसऱ्या हातानं मी पिशवी काढली, उलगडली, उंच धरली आणि सांगितलं, "बाळांनो, ही मी केली. हिला छत्तीस वर्षं झाली. बघा, एक चीर नाही, एक भोक नाही, रंगसुद्धा उडाला नाही. आज दूध भरा, आजही गळणार नाही!" आणि टाळ्यांसाठी थांबलो.

मुलं पिशवीकडे बघतायत आणि मग भिंतीवरच्या राक्षसाकडे बघतायत. मग त्या रुमालवाल्या देवश्रीनं अगदी साधेपणानं विचारलं, चिडून नाही, खोचून नाही. "आजोबा, त्यातलं दूध किती दिवसांत संपलं?"

मी म्हटलं, एका सकाळी.

"मग पिशवी छत्तीस वर्षं कशाला?"

तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला एकाही साहेबानं विचारला नव्हता. मी काय बोललो असेन? मी म्हटलं, "अगं, पण गळत नव्हती." रणवीर म्हणाला, "अंकल, अशा किती बनवल्या?" मी म्हटलं, "गळत नव्हती रे." कुणीतरी मागून विचारलं, "तुम्हाला सॉरी वाटतं का?" मी पुन्हा तेच म्हणणार होतो, आणि तेवढ्यात माझा हात हलका लागला म्हणून बघितलं, तर मुग्धानं तो सोडला होता. हळूच, मला कळू नये अशा बेतानं. आताच सांगितलं होतं मी की साखळी तुटत नाही म्हणून.

फाटकावर कल्लाप्पानं थैली परत दिली, वर विचारतो, "भाषण चेन्नागित्ता सर?" चांगलं झालं का म्हणून. झकास झालं म्हटलं. रिक्षात पोरगी बाहेर बघत बसली. घरी गेलो तर प्रमोदिनी, आमची ही, ओट्यापाशी दुधाच्या पिशव्या धुऊन टाइल्सवर चिकटवत होती. अख्खी भिंत पिशव्यांची. मी वैतागून म्हटलं, टाक त्या सगळ्या, डोळ्यांसमोर नकोत. तर ही म्हणते, "अहो, इतकी वर्षं धुतेय ते काय हौस म्हणून? चार वर्षं तुम्ही जेवताना बोलला नाहीत या पिशवीपायी. मला नाही टाकवत." मुग्धा दारात उभी होती. माझ्या हातातली ती जुनी पिशवी तेवढी घेतली आणि आत गेली. म्हटलं, गेली कचऱ्यात. जाऊ दे.

काल मिसचा फोन. म्हणाल्या, सर, येऊन बघा, मुग्धानं पिशवी शाळेच्या प्रदर्शनात ठेवलीय. गेलो. कुठं ठेवली असेल? काचेच्या बरणीत! ज्या काचेला हरवायला मी केस पांढरे केले, त्या काचेत माझी पिशवी. खाली मुग्धाच्या अक्षरात चिठ्ठी. "दूध: एक सकाळ. पिशवी: छत्तीस वर्षं आणि अजून आहे. माझ्या आजोबांनी बनवली. गळत नाही." त्या शेवटच्या दोन ओळी मी कितीदा वाचल्या ते विचारू नका. पण मुग्धा मैत्रिणींबरोबर होती. मला बघितलं, मान हलवली, जवळ आली नाही.

मिस म्हणाल्या, "सर, मुलांवर फार परिणाम झाला. दर वर्षी सातवीला हा तास ठेवायचा विचार आहे. तुम्ही दर वर्षी याल ना?" आता मी झालो सत्त्याहत्तर. गुडघा दुखतो, परवाच डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितलाय. चूक माझीच, नाही कसं म्हणणार? म्हटलं, येईन की. आणि एखाद्या वर्षी मी नसलो, तर काळजी करू नका, पिशवीला बोलवा. ती असेल.