चेन तुटली

तुम्ही हसाल, पण आमच्या सईसमोर मी हल्ली 'तुटलं' हा शब्दच काढत नाही.

मागे एकदा राधानगरीहून येत होतो. भर दुपारी धुकं. अमोल बाईक चालवतोय, मध्ये आमची तीन वर्षांची सई, मागे मी. उतार लागला आणि सई म्हणाली, "आई, चेन तुटली."

माझा हात गळ्याकडे गेला. सोन्याची चेन जागेवर होती. "नाही गं, आहे की."

"तुटली," ती शांतपणे म्हणाली.

मी घाबरट. "अमोल, हळू घे जरा, नीट चाचपू दे!"

"तू आणि तुझं सोनं!" म्हणत त्याने वेग कमी केला, तोच खालून खाडकन आवाज आला. इंजिन नुसतंच घोंगावतंय, चाकाला ओढच नाही. अमोलने रेस सोडली आणि हलकेच ब्रेक धरत गाडी कडेला घेतली. वळून बघते तर बाईकची चेन मागे रस्त्यावर पडलेली.

एक जीपवाले थांबले. "पावणं, वाचलासा की! येगात असतासा तर चाकच जाम झालं असतं. बसा, गावात सोडतो."

मी विज्ञानाची पदवीधर. 'योगायोग, योगायोग' असं घोकत सईला घेऊन जीपमध्ये बसले. तिने ड्रायव्हरकडे एकटक बघितलं. "आई, काकांचा ब्रेक तुटला."

मी सईला उचलून खाली उतरले. "दादा, आम्ही चालतच येतो."

जीपवाले बघतच राहिले. मला राहवेना.

"आणि तुम्हीपण चला की चालत."