न्हाणीखालचा खड्डा

१९८८ साली सौंसरच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक तरुण बाई बोचकं घेऊन बसली होती. तिच्या शेजारी ओळखीची एक म्हातारी येऊन टेकली.

“सुशीला, कुठं जाऊन राहिली वं?”

“माहेरी, शकुमावशी. आमी घर घेतलं ना, तिथं न्हाणीतली जमीन खचली. खाली मानूस मावन एवढा खड्डा निंगाला. लोक म्हनतेत, कोनाले तरी पुरलं असन. मले भेव लागते.”

“विहिरीजवळचंच घर ना? अवं, तो खड्डा आमीच खंदला! एकाहत्तरच्या लढाईत. भोंगा वाजला का सारी गल्ली त्याच्यात जाऊन बसे, विमानाच्या भेवानं. लढाई सरल्यावर बुजवून टाकला, मंग त्याच्यावर घर झालं.”

“खरं सांगता?”

“मीच मातीच्या टोपल्या उचलल्या.”

“मंग तिथं कोनी मेलं नाही ना?”

“मरन कायचं! विमान कधी आलंच नाही. पन एका संध्याकाळी भोंगा वाजून राहिला होता, अन् मले कळा आल्या. माही पुष्पा त्याच खड्ड्यात झाली.”

“अव माय! आपली पुष्पा?”

“हो. यंदा मॅट्रिकले बसली.”

सुशीला खूप हसली, मग तिनं पदरानं डोळे पुसले.

“ऊठ, तुही बस आली.”

“जाऊ द्या तिले, मावशी. मी घरी जातो.”