जीपनं पांघरलेलं घोंगडं

—न्हाई, न्हाई, बॉनेटला हात लावू नका अर्पितशेठ, ते उघडायला वरून बुक्की मारावी लागती, अन् ती बुक्की फक्त आमच्या सुमितला जमती. बसा बाजंवर. अंबडला गेलाय तो, एक नट कमी पडला म्हणून, येईलच इतक्यात. मी त्याची आजी, आसराबाई. तुम्ही गोपीकिशनशेठचे नातू ना? नाकावरून वळखलं. तुमचे आजोबा आमची लोकर घ्यायचे, मूठभर उचलून डोळे मिटून वास घ्यायचे अन् सांगायचे, हे मेंढरू गोदाकाठी चरलेलं हाय. बराबर सांगायचे. अन् तुम्ही? फोनात जीपचा आवाज ऐकून जीप घ्यायला आलात. चांगलंय. नाकावरून कानावर आला तुमचा धंदा.

आवडला आवाज? आवडणारच, तुम्ही लांब राहता. ही जीप सुमितच्या आजानं घेतल्ती, मेंढरं बाजाराला न्यायला. बावीस वर्सं चालली, कुणाला कळायचंबी न्हाई कधी आली अन् कधी गेली. आमच्या शहाण्याला हेच खुपलं—आजी, हिचा आवाज म्हातारा हाय. मी म्हणलं, म्हातारा आवाज तर माझाबी हाय, मलाबी पाईप लाव एखादा. तर न्हाई, फोनातला एक दाढीवाला त्याला सांगून राह्यला, इंजनाला मोकळा श्वास पाहिजे, जुना बिडाचा पाईप काढा अन् हेडर लावा. हेडर म्हणजे काय, मला इचारा आता, झोपेत सांगते. इंजनातून धूर निघायची चार भोकं असतात, त्या चारींना चार न्यार्‍या नळ्या—म्हशीच्या सडावानी—अन् त्या चारी खाली येऊन एका नळीत मिळतात. दूध निघत न्हाई, एवढाच फरक.

दाढीवाल्यानं पंधरा मिनटात बसवला. आमच्याकडं पाच दिस. ह्याच लिंबाखाली, जीपखाली पोतं टाकून. दोन दिस तर जुने नट ढिले करण्यात—आधी तेल ओतलं, मंग रॉकेल ओतलं, मंग शिव्या ओतल्या. एक नट आतच तुटला. म्हणला, आजी, हा सगळ्यांचाच तुटतो. मी म्हणलं, मंग तर बराबर हाय बाबा, सगळ्यांचा तुटल्यावर आपला साबूत राह्यला तर चारचौघात तोंड कसं दाखवायचं? अन् नवी नळी स्टेअरिंगच्या दांडीला घासाया लागली, तर दांडी सरकंना म्हणून नळीलाच हातोडीनं खळगा पाडला. नव्या नळीला! सुनंला घरात आणून पहिल्याच दिवशी कपाळावर टेंगूळ. अन् ते सगळं फोनवर शूटिंग करून, दुनियेला दाखवून.

चहा घ्या, गार होऊन राह्यला.

अन् ती नळी तापायची तर इतकी, की आत बसलेल्याचे तळपाय भाजले पाहिजेत. दाढीवाल्यानं तिच्यावर कसली तरी पट्टी गुंडाळल्ती. ती पट्टी आपल्याकडं कुठली मिळायला! मंग काय, घरात घोंगडं होतं ना—ह्यांचं, म्हणजे सुमितच्या आजाचं. काळ्या मेंढीच्या लोकरीचं, थंडीपावसात अंगावर, रानात उशाला, देवापुढं बसायला तेच. ते कापलं की हो त्यानं! चार बोटं रुंद पट्ट्या, मेंढरं कातरायच्या कातरीनं, उभ्या धाग्याला धरून—आडवं कापलं तर उसवतं ना—अन् नळीला गुंडाळून वरून तारेनं आवळल्या. लोकर पेटत न्हाई म्हणे. न्हाईच पेटत, ते खरंय, चुलीतला इंगळ घोंगड्यावर उडाला तर भोक पडतं, जाळ व्हत न्हाई. पण इंगळ एवढुसा असतो, अन् ही नळी म्हणजे दोन हात लांब इंगळ.

जीप चालू केली. परतूरच्या रस्त्याला लागेस्तोवर असा धूर अन् असा वास—बकर्‍याचं मुंडकं भाजल्याचा! मागून शेजारची गिरिजाबाई दारात हजर, हातात पातेलं. आसराबाई, कुणाचा कार्यक्रम हाय, मला सांगितलं न्हाई? रुसली माझ्यावर, आठ दिस बोलली न्हाई. जीप भाजली म्हणून सांगितलं तर म्हणती, न्हाई द्यायचा तर नको देऊ वाटा, खोटं कशाला बोलती? अन् मेंढरांचं ऐका. जुना आवाज आला की मेंढरं पळत यायची, त्यांची सरकी यायची ना जीपमधून. नवा आवाज ऐकला अन् उलटी फिरली, थेट पल्याडच्या धर्मराजच्या मोसंबीच्या बागेत. धर्मराज बोंबलत आला, आजी, मेंढरं आवरा! मी म्हणलं, मेंढरांना अक्कल हाय म्हणून पळाली, नातवाला आवर जमलं तर.

हसा, हसा. म्हणून सांगते, नका घेऊ ही जीप. नळीला खळगा, नट तुटलेला, वास अजून जात न्हाई, चांगल्या माणसानं—

काय? उभ्या धाग्याचं सुमितला कसं कळलं?

मोठे चौकस हो तुम्ही. आजोबांचं नाक न्हाई, पण कान हायेत. न्हाई कळत त्याला उभा धागा. कातर धराया गेला तर अंगठा कापून घेईल. मीच कापलं. मंग? माझ्या माणसाचं घोंगडं, मी कापलं. लोकर पेटत न्हाई हे बी मीच सांगितलं त्याला, अन् वरून तार मीच आवळली, त्याच्या हाताला गरम लागत होतं म्हणून. माझंच चुकलं. झालं समाधान?

तुम्हाला काय ठाऊक? ह्याचा बाप, माझा संपत, पुण्याला गेल्ता सहा महिन्यांसाठी. चौदा वर्सं झाली. दिवाळीला येतो, पाव्हण्यासारखा बसतो, जिथं तुम्ही बसलात तिथंच. सुमितबी सारखं पुणं पुणं करून राह्यल्ता. मंग ते हेडरचं खोकं आलं, अन् पाच दिस पोरानं पुण्याचं नाव घेतलं न्हाई. गाडीखालून नुसतं, आजी पाना दे, आजी बॅटरी धर, आजी हे बघ. माझ्या हातची भाकर गाडीखालीच खाल्ली त्यानं. मला वाटलं, हे काम असंच चालत राहू दे, नट तुटत राहू देत. घोंगडं मागितलं न्हाई त्यानं, मीच पेटीतून काढलं. ह्यांना काय, ह्यांना आता थंडी वाजती व्हय?

अन् झालं काय? तेच शूटिंग पुण्याच्या गॅरेजवाल्यानं पाह्यलं. फोन आला, घरच्या घरी इतकं करतो तर ये आमच्याकडं. सोमवारी बोलवलंय. म्हणून तर जीप इकाया काढली. पोरगं अडकावं म्हणून मी पट्ट्या आवळल्या, अन् त्याच पट्ट्या बघून लोकांनी त्याला उचललं. जीप राह्यली तर राहील तो, असं मला वाटतं. म्हणून म्हणते, जा तुम्ही. दुसरी बघा.

आं?

कुणाला इचारलं? सुमितला? त्याला खरंच जायचंय का, हे?

…न्हाई. न्हाई इचारलं. तीन दिस झाले, मी त्याच्याशी बोललेच न्हाई.

ती बघा, एसटी थांबली फाट्यावर. उतरला. कसा चालून राह्यला बघा, नट खिशात हाय पण हात खिशावरच. बापाची चाल हाय बराबर, कुठंतरी पोचायची घाई असल्यासारखी.

उठू नका. बसा म्हणते ना. आता बिलकुल जाऊ नका. त्याच्याशीच बोला, बॉनेट त्यालाच उघडू द्या, अन् तो जे सांगंल ते ऐका. मी मेंढराकडं चालले. तुम्ही आत्ताच आलात, माझा चहा पिला न्हाई, माझी तुमची गाठ पडली न्हाई. कप द्या इकडं—जल्दी.